घुमटावरची बंदूक

मार्च सरत आला की आमच्या घरात उत्तरपत्रिकांचा वास भरतो. तो नुसत्या कागदाचा वास नसतो. पोरांच्या घामेजल्या तळहातांचा, स्वस्त शाईचा आणि कुठल्या कुठल्या शाळांच्या बाकांवरच्या धुळीचा तो वास असतो. गठ्ठा सोडला की आधी तो बाहेर येतो आणि मग पोरांची अक्षरं. विश्रांतवाडीच्या या घरात मी कितीतरी उन्हाळे असेच काढले. खिडकीबाहेर आळंदी रस्त्याची घरघर, डोक्यावर गरम वारा ढकलणारा पंखा, मधूनच लोहगावच्या बाजूने उठणारं विमान आणि त्याच्या आवाजाने फडताळात एकमेकींना लागणाऱ्या वाट्या. आणि माझ्या हातात लाल पेन.

यंदा शेजाऱ्यांनी गॅलरीच्या गजांना रंग द्यायला घेतला. भर दुपारी टर्पेंटाइनचा वास वाळ्याच्या पडद्यातून आत आला आणि माझा हात एका पोराच्या निबंधावर थांबला. कागद आणि टर्पेंटाइन. हे दोन वास आमच्या घरात पूर्वी एका उन्हाळ्यात असेच एकत्र आले होते. त्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्या माणसाला मोडून टाकलं गेलं. कुणी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. सगळं चहा पिता पिता झालं.

माझा नवरा श्रीरंग. मी त्याला तोंडावर अहो म्हणते. लिहिताना ते जमत नाही. तो शहरातल्या पेठेतला, एका कारखान्यात यंत्रांचे भाग तपासणारा. भाग ठरल्या मापाचा आहे की नाही एवढंच तो सांगायचा, आणि त्याने नापास केलेला भाग पुन्हा कुणी पास केल्याचं मी ऐकलं नाही. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. मी धायरीची, शेतकऱ्याच्या घरातली, बी.एड. करून नुकती शाळेत लागलेली. तो मला आवडला तो एकाच कारणासाठी. त्याचं कधी काही चुकायचं नाही. आमच्याकडे सगळंच अंदाजपंचे चालायचं. मीठ मुठीने, जमीन पावलांनी, वय दुष्काळाच्या आठवणीने. बिनचूक माणूस म्हणजे केवढा आधार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

लग्न ठरवायला तो आमच्या घरी आला तेव्हा आप्पांनी, माझ्या वडिलांनी, लगबगीने हाक दिली होती, "अगं, पावन्यास्नी आधी पानी दे!"

श्रीरंग हसून म्हणाला, "आप्पा, 'पाणी' दिलंत तर तहान जास्त भागेल."

आप्पाही हसले. त्यांना वाटलं, जावई थट्टा करतोय. मीही हसले होते. गावात थट्टेनंतर माणूस पाठीवर थाप मारतो. श्रीरंगने तांब्या उचलला आणि पाणी प्यायला.

आप्पा लष्करात रणगाडा चालवायचे. ऐन जवानीत धायरीतून दोघं भरती झाले होते, आप्पा आणि त्यांचा जिवलग मित्र ज्ञानू. योगायोगाने दोघं एकाच रणगाड्यावर आले. एकाहत्तरच्या लढाईत ज्ञानूकाका गेले, आप्पा परत आले. मग नोकरी पुरी करून गावी येऊन बसले, थोडी शेती केली. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तेव्हा दारात खुर्ची टाकून त्या इमारती वर चढताना बघत राहिले. आई गेल्यावर ते माझ्या भावाकडे असायचे. त्या वर्षी त्यांना दोन्ही डोळ्यांनी धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू. दवाखाना आमच्या घराजवळ, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला ते आमच्याकडे राहायला आले. एक डोळा झाला, मग काही दिवसांनी दुसरा. हिरवट काळा चष्मा लावून ते दिवसभर बसलेले असत. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, जड उचलायचं नाही. मी तपासता तपासता उठायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायची, पुन्हा बसायची. थेंब पडला की ते तोंड उघडायचे, लहान मुलासारखे.

त्याच दिवसांत श्रीरंग परदेशातल्या कामावरून परत आला होता. येताना त्याने स्वतःसाठी एकच गोष्ट आणली होती. एक मोठं खोकं. वर चित्र होतं, चिखलातून उसळी मारत येणाऱ्या हिरव्या रणगाड्याचं, आणि कडेला रशियन अक्षरं. प्लास्टिकचे सुटे भाग एकमेकांना चिकटवून हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची, हा त्याचा जुना छंद. विमानं, जहाजं, इंजिनं अशी कितीतरी काचेच्या कपाटात उभी होती. मला त्यांची धूळ पुसायची परवानगी नव्हती.

एका रविवारी सकाळी त्याने टेबलावर खोकं उघडलं. आतून प्लास्टिकच्या चौकटी निघाल्या. प्रत्येक चौकटीला दांडीने जोडलेले असंख्य भाग होते. चाकं, झाकणं, साखळ्या, कड्या, तांदळाएवढे दिवे. आप्पा खुर्ची ओढत जवळ आले. चष्मा काढला, डोळे बारीक केले, आणि एक चौकट हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं.

"आयला! ही तर आपली गाडी हाय!" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "जावईबापू, ही रशियाची गाडी. हीच चालवायचो म्या! आत समदं त्यांच्या लिपीत लिवल्यालं. काय बी कळायचं न्हाई. ज्ञानूनं खडूनं आपल्या भाषेत लिवून ठिवलं व्हतं, 'हिकडं हात लावू नको'."

श्रीरंग म्हणाला, "चौकट खाली ठेवा. हाताचं तेल लागतं."

पुढचे काही दिवस मला आजही मऊ वाटतात. संध्याकाळी तो कामावरून आला की टेबलावरचा दिवा लागायचा. एका बाजूला माझे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला त्याचा चिमटा, ब्लेड, पॉलिश पेपर, रंगाच्या इवल्या बाटल्या. दोघांच्या मधे आप्पा. माठातलं वाळ्याचं पाणी, कैरीच्या डाळीचा आंबट वास, आणि आप्पांच्या गोष्टी. रणगाडा सुरू केला की दातसुद्धा कसे वाजतात. आत ऊन साठतं तेव्हा लोखंडावर भाकरी भाजता येईल असं कसं वाटतं. आपल्या पट्ट्याखाली कुणाचं ज्वारीचं रान येतंय हे कळलं की शेतकऱ्याच्या पोराला कसं वाटतं. श्रीरंग मान वर न करता 'हं' म्हणायचा. पण ऐकायचा. एकदा तर त्याने आपण होऊन विचारलं, वळवताना कुठला दांडा ओढायचा म्हणून. आप्पा हवेत दोन्ही हात धरून त्याला रणगाडा वळवून दाखवत होते, आणि मला वाटलं, जमतंय. उशिरा का होईना, यांचं जमतंय.

मग श्रीरंगने त्यांना काम दिलं. चाकं चौकटीतून कापली की कडेला प्लास्टिकचा बारीक टवका राहतो. तो पॉलिश पेपरने घासून काढायचा. आप्पांनी काय जीव ओतला त्या चाकांवर! दुपारभर खुर्चीत बसून एकेक चाक घासत, गालाला लावून बघत, फुंकर मारत. झालेली चाकं त्यांनी एका वाटीत घातली आणि संध्याकाळी ती वाटी प्रसादासारखी श्रीरंगपुढे धरली.

श्रीरंगने एक चाक दिव्याखाली धरलं. दुसरं धरलं. म्हणाला, "छान मेहनत घेतलीत, आप्पा. फक्त चाकं गोल असतात."

दुसऱ्या दिवशी आप्पा दवाखान्यातून परत आले तेव्हा तो त्यांच्याच चाकांवर पुन्हा काम करत होता. काहींच्या कडेला कसलंसं लुकण भरून, वाळवून, परत घासत होता. आप्पा उंबऱ्यात थांबले. त्यांना आता स्पष्ट दिसायला लागलं होतं. आत येऊन त्यांनी मला विचारलं, "थेंबाची वेळ झाली का गं?" वेळ झाली नव्हती. मी तरी थेंब टाकले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. इतकं तर प्रत्येक घरात होतं.

ज्ञानूकाकांची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ होती. रणगाड्याच्या वर तो गोल घुमट असतो, ज्यातून तोफ बाहेर येते. त्या घुमटावर झाकणापाशी एक मोठी बंदूक. शत्रू अंगावर आला तेव्हा ज्ञानूकाका झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभे राहिले आणि ती बंदूक चालवत राहिले. गोळी लागली तरी हात सुटला नाही. खाली आप्पा गाडी चालवत होते. असं आप्पा सांगायचे. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना बोलवायचे. ते टोपी नीट करून उभे राहायचे आणि तेच सांगायचे. पोरं त्या जागी श्वास रोखायची. मीसुद्धा रोखला आहे.

ती गोष्ट नुसती ऐकायची नव्हती. ज्ञानूकाका गेले तेव्हा त्यांची बायको, हौसाकाकी, विशीतली होती. मांडीवर तान्हं पोर. सासूने तिला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी धाडायची तयारी केली होती. बोचकं बांधून दारात ठेवलेलं. आप्पा सुट्टीवर गावी आले ते पाठीवरची पिशवी न उतरवता थेट त्या घरी गेले, आणि भरल्या ओसरीवर सगळ्या भावकीसमोर त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. "असा मर्द व्हता. त्याच्या बायकूला घराबाहेर काढनार तुमी?" बोचकं सुटलं. काकी त्या घरात राहिली, पोराला वाढवलं, सून आणली. गावात ती चालायची तेव्हा पदर डोक्यावर असायचा, पण मान खाली नसायची. गोष्टीतली बंदूक तिच्यासाठी घराचा मधला खांब होती.

प्रतिकृती पुरी होत आली तेव्हा आप्पांच्या लक्षात आलं की घुमटावर बंदूक नाही. चौकटीत मात्र ती होती. काडीएवढी, तिला इवलासा मुठीचा दांडा, बाजूला गोळ्यांची पेटी. बाकी सगळे भाग निघून गेले होते आणि ती एकटी चौकटीला लटकत होती.

"ही ऱ्हायली की," आप्पा म्हणाले.

"ती लावायची नाही," श्रीरंग म्हणाला. "एकाच साच्यातून दोन नमुने निघतात. आधीच्या नमुन्याला वर बंदूक होती. हा नंतरचा. याची काढून टाकली होती. माहितीपत्रकात तिच्यावर फुली आहे, बघा."

"पर आमच्या गाडीला व्हती."

"तुमची गाडी हीच, असं तुम्हीच म्हणालात."

"हीच. पर बंदूक व्हती."

श्रीरंगने पुस्तक काढलं. त्यात त्या लढाईतले फोटो होते. आपले जवान, आपले रणगाडे, नदीकाठ, केळीची बनं. त्याने एकेक फोटो आप्पांपुढे सरकवला. नव्या डोळ्यांनी आप्पांनी ते बघितले. एकाही घुमटावर बंदूक नव्हती. ते पानं उलटत राहिले, मागे गेले, पुढे आले. मी गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाले, "अहो, लावा ना. कपाटात तर ठेवायचा आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," श्रीरंग म्हणाला. मग आप्पांकडे वळून अगदी सौम्यपणे, मुलाला गणित समजवावं तसं बोलला. "आप्पा, एक सांगा. तुम्ही ड्रायव्हर. तुमची जागा इथे, पुढे, खाली. लढाई चालू, म्हणजे झाकण बंद. तुम्हाला एका फटीतून फक्त समोरचं दिसणार. मग वर घुमटावर कोण उभं आहे, त्याचा हात सुटला की नाही, हे तुम्हाला दिसलं कसं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी पहिल्यांदा वाचलं, ती गोष्ट घडलेली नाही. श्रीरंगनेही वाचलं. तो हसला नाही. माप जुळल्यासारखी मान हलवली आणि ब्रश धुवायला घेतला.

आप्पा अंघोळीला गेल्यावर मी श्रीरंगला सगळं सांगितलं. बोचकं, ओसरी, काकी. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणून मी चुकीचा रणगाडा करू?"

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी ती बंदूक कापली आणि घुमटावर चिकटवली. माझ्या हातून सोल्युशन जास्त पडलं, थोडं ओघळलं. बंदूक जरा वाकडी बसली, पण बसली. आप्पांना बोलावून दाखवली. ते टेबलापाशी उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "येवढ्या येळा सांगितलं, पोरी, की आता मलाबी दिसती ती तिथं. झोपेत सुद्दा दिसती."

संध्याकाळी श्रीरंग आला. टेबलाजवळ गेला. मी कांदा चिरत होते. त्याने मला काही विचारलं नाही. आप्पांना म्हणाला, "आज चहा झाला का, आप्पा?" आणि त्यांच्याशी उन्हाविषयी, आंब्यांच्या पेटीविषयी बोलता बोलता त्याने ब्लेड घेतलं आणि बंदूक मुळापासून कापली. कापलेला तुकडा चहाच्या बशीत ठेवला. उरलेला चट्टा घासला, बुजवला, रंगवला. आप्पा समोर बसून उन्हाविषयी उत्तरं देत होते. टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला. त्या दिवशी मी तपासलेल्या पेपरांवर लाल शाईच्या जागी काय उमटलं असेल कुणास ठाऊक. बोर्डाच्या नियामकांनी ते सगळे परत पाठवले.

मे महिन्यात शहरातल्या एका शाळेच्या सभागृहात अशा छंदवाल्यांचं प्रदर्शन होतं. आप्पांनी फार आधीच, चाकं घासायच्या दिवसांत, हौसाकाकीला निरोप धाडला होता. आमच्या जावयानं ज्ञानूची गाडी केली आहे, बघायला ये. आता त्यांनी भावाच्या फोनवरून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. उन्हाचं कारण दिलं, बसचं दिलं, माझ्या तब्येतीचंसुद्धा दिलं. पण आख्ख्या गल्लीला ती सांगून बसली होती. नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी मी श्रीरंगला म्हणाले, "काकी येतील. तुम्ही काही बोलू नका."

"मला कुणी विचारलं नाही तर मी कशाला बोलू?"

ती आली. धायरीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, मग भर उन्हात चालत. लुगड्याच्या निऱ्याही विसकटल्या नव्हत्या. हातातल्या पिशवीत नारळ, हळदीकुंकवाची डबी आणि झेंडूची दोन फुलं. सभागृहात थंडगार होतं, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, त्यांवर विमानं, जहाजं, तोफा, आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. श्रीरंगच्या रणगाड्यापुढे पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी लागली होती. परीक्षकांनी त्याला म्हणे एकच शब्द वापरला होता, निर्दोष.

काकी टेबलासमोर उभी राहिली आणि तिने चपला काढल्या. मग डबी उघडून बोट कुंकवात बुडवलं.

"हात लावू नका हं," श्रीरंग म्हणाला. "आपण लांबूनच बघा."

तिने बोट मागे घेतलं. कुंकू लागलेलं बोट कुठे पुसावं ते तिला कळेना. शेवटी तिने ते स्वतःच्या तळहातावर पुसलं. वाकून ती बघत राहिली. चिखलाचे शिंतोडेसुद्धा रंगवलेले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"केवढुशी हाय! आन भावजी, तुमी कुठं बसायचा?"

आप्पांनी बोट दाखवलं.

"आन ह्ये? ह्ये कुठं हुबं व्हते?"

"इथे, काकी," मी पटकन म्हणाले, "या झाकणापाशी."

"बंदूक कुठाय?"

मी काही बोलायच्या आत ती श्रीरंगकडे वळली होती. ज्याने केलं त्यालाच विचारावं, या साध्या रीतीने. "जावईबापू, ह्यांची बंदूक कुठं लावली?"

श्रीरंगने खिशातलं पेन काढलं आणि टोपणाच्या टोकाने दाखवत, आदराने, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारत तो म्हणाला, "काकू, आपला थोडा गैरसमज झालाय. या रणगाड्यावर बंदूक नसते. फोटोंमध्येही नाही. आणि आप्पा इथे, खाली, बंद झाकणाखाली. त्यांना वरचं काही दिसणं शक्यच नव्हतं. जे सांगितलं गेलं ते तसं घडलेलं नसणार."

शेजारच्या टेबलावरचे दोघंतिघं ऐकत होते. एकाने कौतुकाने मान डोलावली.

काकीने आप्पांकडे बघितलं. आप्पा रणगाड्याकडे बघत होते. तिने चपला घातल्या, डबी बंद केली आणि सरळ बाहेर गेली. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ एक बाक होता, त्यावर बसली. आम्ही दोघं मागोमाग गेलो. श्रीरंग आला नाही, त्याला कुणीतरी रंगाविषयी विचारत होतं.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "आन सांगा."

"वैनी, जाऊ द्या. लई वर्सं झाली."

"लई वर्सं झाली म्हनूनच सांगा. त्या पोरानं समद्यांसमोर माझ्या तोंडावर सांगितलं की खोटं हाय. आता खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकू द्या. न्हाई तर मी हिथून हलत न्हाई."

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बोलताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. "लढाई थांबली व्हती. सकाळ व्हती. चांगलं कवळं ऊन पडलं व्हतं. चार दिसात पोट साफ झालं न्हाई म्हनत व्हता. टमरेल घेऊन बांधाच्या पल्याड गेला. जाताना मला म्हनला, च्या उकळून ठिव. तिथं सुरुंग पुरल्याला. आवाज झाला. आमी पळालो. काय... काय ऱ्हायलं न्हवतं, वैनी. टमरेल तेवढं लांब पडलं व्हतं."

काकी बराच वेळ पिंपाच्या नळाकडे बघत होती. नळ गळत होता. एक बाई मुलाला पाणी पाजायला आली, पाजून गेली. सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या.

"च्या प्याले का?" काकीने विचारलं.

"न्हाई. उकळत व्हता."

तिने पिशवीतली फुलं काढून बाकावर ठेवली आणि उठली. मी म्हणाले, बसपर्यंत येते. नको म्हणाली. तिच्या पाठीवर घामाने लुगडं चिकटलं होतं, पण चाल तीच होती.

घरी येताना गाडीत श्रीरंग म्हणाला, "खोटं किती दिवस चालणार होतं? कधीतरी कुणीतरी सांगणारच होतं." त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. कधीच नसते. मला इतक्या वर्षांनी एवढंच कळलंय, की काही माणसं बरोबर असतात ती दुसऱ्याला जागा राहू नये म्हणून. शाळेत मी पोरांना जवळपासच्या उत्तराला अर्धा गुण देते. आमच्या घरी तो कुणाला मिळाला नाही. तो रणगाडा अजून काचेच्या कपाटात आहे. पाहुणे वाकून बघतात, वाहवा करतात, आणि श्रीरंग त्यांना चिखलाचे शिंतोडे कसे केले ते सांगतो. मी चहा आणते. सोडून का गेले नाही, असं मला कुणी विचारत नाही, आणि मी स्वतःला विचारते ते फक्त या महिन्यांत, हाताशी गठ्ठे असतात तेव्हा. मग पुढचा पेपर ओढते.

काकीने गावात काही सांगितलं असेल असं मला वाटत होतं. तिने नाही सांगितलं. उलट त्या वर्षी पंधरा ऑगस्टला आप्पांनी शाळेत बोलायला नकार दिला, तेव्हा ती स्वतः उभी राहिली. झाकण, घुमट, बंदूक, न सुटलेला हात, सगळं तिने सांगितलं, आप्पांपेक्षा ठासून. माझा भाऊ तिथे होता. तो म्हणाला, एवढी टाळी आप्पांनाही कधी पडली नव्हती. आप्पा गर्दीत मागे उभे होते. गोष्ट संपायच्या आत ते निघून आले.

पण त्याआधी जूनमध्ये एक दिवस आला होता. डोळ्यांची मुदत संपली आणि मी आप्पांना धायरीला पोचवायला गेले. आमच्या भावाच्या घरापासून काकीचं घर दोन घरं सोडून. आप्पा आयुष्यभर सकाळचा चहा तिच्या ओसरीवर घ्यायचे. ती कप ठेवायची, ते पेपर वाचून दाखवायचे, तिला आणि तिच्या सुनेला. गावात कुणी कधी वावगं बोललं नाही, इतकी ती बैठक सगळ्यांच्या सवयीची झाली होती. गेल्या गेल्या ते म्हणाले, "वैनीला आंबं देऊन येतो." मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.

काकी दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं. उठली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरी हायेस का?" मग आप्पांकडे वळली.

"भावजी, तुमी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या भावानं केलं न्हाई. ह्ये मी इसरनार न्हाई. पर आता येत जाऊ नगा."

"वैनी..."

"ती बंदूक मी ठिवनार हाय. माझ्या नातवाला मी तीच सांगनार. पर तुमी समोर बसला की मला ती दिसत न्हाई. टमरेल दिसतं."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे निवडू लागली. आंब्यांची पिशवी माझ्याच हातात होती. ती पुढे करावी की मागे घ्यावी ते मला सुचेना, आणि तिने काही मागितलं नाही.

त्यानंतरही आप्पा बरीच वर्षं त्याच गल्लीत राहिले. ती समोरून येताना दिसली की ते आधीच्या बोळात वळून उभे राहायचे, तिची पाठ दिसेपर्यंत.